झेंडूवाली डिस्क

माझ्या कम्प्युटरची हार्डडिस्क पहिल्यांदा दुरुस्त होऊन आली ती शेवंतीच्या टोपलीतून. अमरावतीहून अकोल्याला येणाऱ्या पहिल्या एस.टी.त कंडक्टरच्या सीटमागे फुलांची टोपली असते. वर हार, मध्ये प्लास्टिकचा कागद, आणि तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी डिस्क. स्टँडवरच्या हारवाल्याने फोन केला, "ताई, तुमचा डब्बा आला. वास घ्याले या." मी गेले, घेतली, मशीनला लावली, आणि माझं दुकान आठवडाभर देवघरासारखं दरवळत होतं.

पाठवणारे सुधाकरभाऊ खेरडे. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर त्यांचं फुलांचं दुकान. पुढच्या फळीवर झेंडू, शेवंती, निशिगंध. मागे पडदा, आणि पडद्याआड चार उघडी पडलेली मशीनं. फुलांमुळे हात कायम ओले, आणि कम्प्युटरचं पाण्याशी हाडवैर. म्हणून गळ्यात सदा एक पंचा. डिस्कला शिवायच्या आधी दोन्ही हात कोपरापर्यंत पुसायचे, मग पंख्याखाली धरायचे, मग स्वतःच्या गालाला लावून पाहायचे. गाल हो म्हणाला तरच डिस्क हातात. एकदा घाईत असलेल्या कुणा साहेबांनी "अहो, किती वेळ?" म्हटलं, तर भाऊंनी त्यांचाही गाल मागितला होता.

माझं माहेर त्याच गल्लीतलं, सासर अकोल्याचं. अकोल्यात माझं टायपिंगचं दुकान. अर्ज, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि वर्षातून एक दिवाळी अंक. दिवस वऱ्हाडात वाईट होते. कापूस आणि सोयाबीन, दोघांनीही हात टेकले होते. लग्नपत्रिका दोन रंगांवरून एका रंगावर आल्या, मग घडीच्या एकेरी झाल्या, आणि पुढेपुढे तर लोक म्हणत, "ताई, नावं अन् तारीख टाका, बाकी आमी तोंडी सांगतो." अशा वेळी मशीन बंद पडलं की दिवसाची कमाई बुडायची.

आणि आमच्याकडच्या मेकॅनिकांना औषध एकच ठाऊक. मशीन उठत नाही? फॉर्मॅट मारा. उशिरा उठतं? फॉर्मॅट मारा. माऊस हलत नाही? त्यालाही फॉर्मॅट! म्हणजे डिस्क धुऊन कोरी करायची, आतलं सगळं गेलं. सुधाकरभाऊंसमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. "पाय दुखते म्हून माणसाले जाळता काय?" असं म्हणून ते सरळ फुलांवर पाणी शिंपडायला लागत, आणि त्यातलं थोडं चुकून आपल्या अंगावरही येई.

त्यांच्याशी माझं गुरुशिष्येचं नातं जमलं ते फोनवर. मी एक मोठी नवी डिस्क आणली होती. जुनी काढायची हिंमत नव्हती, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, बटण दाबलं, आणि पडदा काळाभोर. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस्स. समोर उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जासाठी एक म्हातारबाबा बसलेले. मी अमरावतीला फोन लावला.

"डिस्क फिरून राह्यली काय? कान लावा."

"कशाला?"

"डब्ब्याले! कम्प्युटरच्या डब्ब्याले लावा कान."

मी भर दुकानात पदर सावरून डब्याला कान लावला. म्हातारबाबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"घरघरते," मी म्हणाले.

"मंग जीव हाये. आता सांगा, एकाच वायरच्या पट्टीवर लावल्या दोघी? मांगं बारीक टाचण्या हायेत, त्याइच्यावर एक टोपी हाये. दोघीची टोपी एकाच जागी हाये काय?"

मी वाकून पाहिलं. होती.

"बापा बापा!" भाऊ इतक्या आनंदाने ओरडले की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "एका चुलीवर दोन सासवा बसवल्या तुमी! मशीन उठन कसं? एकीले सून करा!"

केसातला चिमटा काढून मी एकीची टोपी हलवली, तिला सून केली, म्हणजे दुसरीच्या हाताखालची. तरी पडदा काळाच.

"आता रांग पाहा," भाऊ म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. "मशीन झोपेतून उठते ना ताई, तं आधी कोणाच्या दारात जाते थे पाहा. मालक कोण हाये हेच त्याले समजलं नाही, तं कामाले जाईन कोठं?"

रांग पाहिली. मशीन आधी फ्लॉपीच्या दारात जात होतं, आणि तिथे माझीच मागच्या आठवड्यातली फ्लॉपी अडकून बसली होती. ती ओढून काढली, आणि अहो, काय सांगू! पडदा उजळला! मी टाळी वाजवली, म्हातारबाबांनीही वाजवली, आणि फोनमध्ये भाऊ विचारत होते, "उठलं? उठलं ना? आता बंद करून अजून एकडाव उठवा. एकडाव उठलेल्याचा भरोसा नाही."

विंडोजच्या स्वभावांचीही त्यांनी कुंडली मांडून ठेवली होती. जुनं अठ्ठ्याण्णव सालचं विंडोज म्हणजे गरिबाघरची पोट्टी. कोणत्याही मशीनमध्ये घाला, चार वेळा 'हे काय नवीन, ते काय नवीन' विचारते आणि नांदायला लागते. एक्सपी मोठ्या घरची. एका मशीनमधली डिस्क काढून दुसऱ्यात घातली की निळं तोंड करून बसते. "घर बदललेलं तिले खपत नाही," भाऊ सांगत. "तिले जबरदस्ती नोका करू. जुन्या घरी परत न्या, समजावा, तिथून तयारी करून पाठवा."

गिऱ्हाइकांच्या डिस्का ओळखायची त्यांची पद्धत तर ऐकण्यासारखी होती. चिठ्ठी लिहायची नाही. ओल्या हाताने शाई पसरते. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक फूल नेमून दिलेलं. पुडक्याच्या दोऱ्यात ते खोचायचं, झालं. दर्यापूरच्या शाळेची कण्हेर, धामणगावच्या अडत दुकानाचा गुलाब, आणि माझा झेंडू. मला रागच आला होता. "मला सगळ्यात स्वस्त फूल का हो?" तर म्हणाले, "टिकते, ताई. गुलाब अर्ध्या वाटेत, मूर्तिजापुरापर्यंतच मान टाकते."

आता मुख्य गोष्ट. भाऊंकडे एक डिस्क होती जी कुठल्याच गिऱ्हाइकाची नव्हती, म्हणून तिला फूलही नव्हतं. तपासणीची डिस्क. कुठलंही मशीन आलं की त्याची स्वतःची डिस्क बाजूला काढायची आणि ही लावून पाहायची. ही लावून मशीन उठलं तर मशीन चांगलं, खोट त्याच्या डिस्कमध्ये. आणि ही डिस्क लावून मशीन उठलं की नेहमीच्या सुरावटीच्या जागी पडद्यामागून एका मुलीचा आवाज येई, खणखणीत, हसरा: "बाबा, उठलं वो मशीन!"

ती वैशाली. भाऊंची एकुलती एक. आई लहानपणीच गेली, घरी बाप-लेक दोघंच. कम्प्युटर शिकली तीच. दुकानात पहिलं मशीन आणलं तिनेच, आणि हार ओवणाऱ्या बापाला डिस्क, टोपी, पट्टी शिकवली तीही तिनेच. एकदा माइक लावून गंमत करताना तिने ते वाक्य भरलं आणि सुरुवातीच्या आवाजाच्या जागी बसवून दिलं.

मग तिने लग्न ठरवलं. स्वतःचं स्वतः. त्या वर्षांत शेतीवाल्या घरी मुलगी द्यायला कोणी तयार नसे. शिपाई चालेल, पण शेतकरी नको, अशी हवा होती. हिने नेमका अचलपूरकडचा संत्र्याच्या बागेवाला पसंत केला. भाऊ म्हणाले, "तुले एवढं शिकवलं थे संत्र्याले पाणी द्याले काय?" ती म्हणाली, "बाबा, मी तुमाले इचारून नाही राह्यली, सांगून राह्यली." दोघंही एकाच मातीचे. भाऊ लग्नाला गेले नाहीत. पण नवरानवरीचे हार त्यांनी स्वतः ओवले, टोपलीत बांधले, अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या बसमध्ये ठेवले आणि दिवसभर दुकान उघडं ठेवून बसले. त्याला चार वर्षं झाली होती. बोलणं बंद ते बंद.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की भाऊ चांगली चालणारी मशीनंसुद्धा दोनदा-तीनदा का उठवतात. कोणी बोलत नसे. मी तोंडाळ, मी एकदा म्हटलं, "भाऊ, वैशाली कोणत्या विंडोजवर गेली हो? एक्सपीवर की बापावर?" त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "बाबा, उठलं वो मशीन!"

त्या वर्षी नवरात्रात माझ्या डिस्कने दगा दिला. दिवाळी अंक अर्धा जुळवलेला, सगळा तिच्यात. मी ती अमरावतीला पाठवली आणि दसऱ्याच्या सकाळी टोपली आली. पुडक्यात झेंडू. मी दुकानाला तोरण बांधायचं सोडून डिस्क लावली, टोपी पाहिली, रांग पाहिली, बटण दाबलं. मशीन उठलं. 'हे काय नवीन, ते काय नवीन' असं विचारत उठलं, आणि पडदा कोरा निळा. कोपऱ्यात तीन चित्रं. माझा अंक नाही, पत्रिका नाहीत, काही नाही.

माझं डोकं फिरलं. फॉर्मॅट! ज्या माणसाने आयुष्यभर त्या शब्दावर पाणी शिंपडलं, त्याने माझ्याच डिस्कला फॉर्मॅट मारला! मी फोन लावला. दसरा, अंबादेवीचा रस्ता, झेंडूचे ढीग. फोन वाजून वाजून थांबत होता, कोण उचलणार? पाच वेळा लावला. माझा राग म्हणजे उतू गेलेलं दूध, खाली विस्तव आहे तोवर थांबत नाही. म्हटलं, कोरीच केली आहे ना, तर हे जुनं विंडोज कशाला ठेवा? मी एक्सपीची सीडी घातली, डिस्क स्वतःच्या हाताने साफ धुतली, आणि सगळं नव्याने भरायला घेतलं. दुपारपर्यंत ते चाललं. मशीन छान उठलं. मी अंकाचं पहिलं पान पुन्हा टाइप करायला बसले.

चार वाजता फोन आला.

"ताई, थे डिस्क लावू नोका हो. माह्यी तपासणीची आली तिकडं."

वैशालीचा आवाज सकाळी मला आलाच नव्हता. माझ्या दुकानात स्पीकर नव्हते. अर्ज टाइप करायला आवाज कशाला लागतो?

"काल खांडेनवमी होती ना," भाऊ सांगत होते, "पूजा केली समद्याइची. पेचकस, पट्ट्या, डिस्का. म्याच झेंडू वाह्यला सगळ्याइले. सकाळी गर्दीत झेंडू पाह्यला अन् थेच डिस्क तुमच्या नावानं बांधली. तुमची इथं खुशाल हाये. ताई? आइकून राह्यल्या ना?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. फोनमधून रस्त्याचा गलका येत होता, कोणीतरी आपट्याची पानं मागत होतं.

"मंग मशीन उठलं काय तुमचं?" भाऊंनी विचारलं.

"उठलं."

"चला, उठलं ना. झेंडू म्याच लावला होता," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी अमरावतीला. डिस्क पदराखाली धरून, अंड्यासारखी. भाऊंनी हात पुसले, पंख्याखाली धरले, गालाला लावले. डिस्क दुसऱ्या पट्टीवर सून म्हणून बसवली आणि धुतलेल्या डिस्कमधून जुनं काढणारी एक फ्लॉपी चालवली. पडद्यावर नावं यायला लागली! अहो, खरंच यायला लागली! अर्धी तुटलेली, चिन्हांनी भरलेली, पण येत होती. हार न्यायला आलेल्या दोन बायका पडद्याआड येऊन उभ्या राहिल्या. पूजेला उशीर होत होता, पण हलायला कोणी तयार नाही. आणि बाराच्या सुमाराला ते नाव आलं. त्या आवाजाच्या फाइलचं. एका बाईने देवीला हात जोडले. भाऊंनी माऊसवर बोट ठेवलं, उचललं, परत हात पुसले, आणि दाबलं.

खर्रर्र आवाज आला. कोरड्या पाल्यावरून कोणी चालावं तसा. मी त्याच जागेवर एक्सपी भरलं होतं. खाली काय उरणार?

भाऊंनी तीनदा लावून पाहिलं. मग मशीन बंद केलं. "चला, हार कराचे हायेत," म्हणाले आणि पुढे जाऊन बसले. संध्याकाळी एक मशीन आलं, त्यांनी दुसरी डिस्क लावून तपासलं. ते उठलं, नेहमीची सुरावट वाजली. भाऊंनी ते एकदाच उठवलं. मी निघताना मान वर न करता म्हणाले, "गमत नाही व ताई." करमत नाही, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मी अकोल्याची बस पकडलीच नाही. रात्री माहेरी माझ्या भावाकडे राहिले, सकाळी त्याचा टेपरेकॉर्डर उचलला आणि अचलपूरला गेले. बागेला लागूनच वैशालीचं घर. अंगणात दीड-दोन वर्षांची एक मुलगी कच्च्या संत्र्यांचे चेंडू करत होती. मी सगळा गुन्हा कबूल केला. वैशाली आधी पोट धरून हसली, झेंडूच्या जागी तर जास्तच. मग एकदम थांबली.

"म्हणजे बाबा माहा आवाज अजून लावते?"

"दिवसातून पंधरा वेळा. चांगली मशीनं बंद करून करून."

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आली. मी टेपरेकॉर्डर पुढे केला. "एवढं एक वाक्य बोल. मी नेऊन बसवते."

"नाही," ती म्हणाली. "टेप नोका करू, ताई. बाबाले म्हणा, वैशूचं मशीन उठत नाही."

मी घरभर नजर फिरवली. कोपऱ्यात शिलाई मशीन होतं, अंगणात फवारणीचा पंप होता. कम्प्युटर कुठेच नव्हता.

"बोला तुमी तसं," ती म्हणाली. "मी पाहीन मांगचं."

संध्याकाळी मी पुन्हा अंबादेवीच्या रस्त्यावर. निरोप दिला. भाऊंच्या हातातला दोरा थांबला.

"उठत नाही म्हंजे? पडद्यावर काय येते?"

"काळं... आणि पांढरी रेघ."

"बीप किती वाजते?"

"दोन. किंवा तीन."

"दोन का तीन? फरक हाये त्यात!"

"भाऊ, मी काय मोजत बसले होते?"

"डिस्क बदलली काय तिनं?"

"हो, हो, बदलली!" मी आधार सापडल्यासारखी ओरडले.

"कोणाले इचारून?" भाऊ ताडकन उठले. फुलं मांडीवरून सांडली. "तरी म्या सांगे तिले, टोपी पाह्यल्याबिगर पट्टी लावू नोको! स्वतःच शिकवलं मले अन् स्वतःच इसरली! मनाचंच कराची सवय, लहानपणापासून!" चार वर्षांचा राग त्या डिस्कच्या नावाने बाहेर पडत होता, आणि चेहरा मात्र दिवाळीतल्या पोरासारखा. बोलता बोलताच त्यांनी पिशवी काढली होती. पेचकस, दोन पट्ट्या, फ्लॉप्यांचा डबा, एक जादा डिस्क.

"तिकडं लाइन केव्हा येते?" त्यांनी विचारलं. लोडशेडिंगने त्या काळी सगळ्यांच्याच घड्याळांची वाट लावली होती.

"काही नेम नाही म्हणत होती."

"मंग मुक्काम पडन."

"पडन."

"डिस्कचं काम, सांगता येत नाही. दोन रोजबी लागन," असं म्हणत त्यांनी एक सदरा ठेवला. मग दुसरा. मग थोडा विचार करून इस्त्रीचा तिसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन सणासुदीच्या दिवसांत, दुकानाला कुलूप लागलं. गल्ली बघायला आली. मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटभर टोपी, पट्टी, रांग. खिडकीशी बसल्यावरही तेच. "जुनी डिस्क फेकली तं नसन ना तिनं? इचारलं होतं काय?" मी हो-नाही, हो-नाही करत होते. सहा बीपांपर्यंत माझी मजल गेली होती.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. भाऊंनी एकाएकी मान बाहेर काढली आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं, "ताई, लहानीचं नाव काय ठेवलं हो त्याइनं?"

नात आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी गाडीबरोबर चार पावलं पळाले. नाव मला माहीत होतं, अगदी ओठावर आलं होतं.

"मी नाही सांगत!" मी ओरडले. "तिलेच इचारा जाऊन!"

ते हसले की रडले, कळलं नाही. गाडी वळेपर्यंत डोकं बाहेरच होतं, आणि कंडक्टर त्यांना आत घ्या, आत घ्या म्हणत होता.